तांबं शाबूत, केबल निकामी

कारखान्यात बंद पडलेली केबल कापून पाहिली तर अनेकदा आतलं तांबं अजून चकचकीत असतं. गेलेलं असतं ते वरचं आवरण. कुठे ते कडक होऊन तडकलेलं, कुठे फुगून मऊ पडलेलं. त्या फटीतून कूलंट (धातू कापताना थंड ठेवणारा द्रव) किंवा पाणी आत शिरतं आणि मशीन थांबतं. तरीही केबलची मागणी लिहिताना आपण कोअर (आतल्या वेगवेगळ्या तारा) किती, तारेची जाडी चौरस मिलिमीटरमध्ये किती आणि व्होल्ट किती, एवढंच लिहितो. आवरण कशाचं हवं ते बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं, आणि लिहिलं नाही की पीव्हीसी येतं.

पीव्हीसीला नावं ठेवायचं कारण नाही. पॅनेलच्या आत, भिंतीत, कोरड्या ट्रेमध्ये ते वर्षानुवर्षं टिकतं आणि स्वस्तही पडतं. पण ते मऊ कशामुळे असतं हे एकदा समजून घेतलं पाहिजे. शुद्ध पीव्हीसी मुळात ताठ असतं. पाण्याचे पाइप त्याचेच होतात. त्याच्या लांब साखळीत एकाआड एक कार्बन अणूवर क्लोरीन बसलेला असतो, त्यामुळे शेजारच्या साखळ्या एकमेकींना घट्ट ओढून धरतात. 1926 मध्ये अमेरिकेतल्या बी. एफ. गुडरिच कंपनीतले वाल्डो सेमन यांनी हे ताठ पीव्हीसी सहजी न उकळणाऱ्या एका द्रवात तापवलं आणि त्यातून रबरासारखा लवचीक पदार्थ मिळाला. या द्रवाला प्लॅस्टिसायझर म्हणतात. शिजलेल्या शेवयांना तूप लावलं की त्या एकमेकींना चिकटत नाहीत, तसे त्याचे रेणू साखळ्यांच्या मधे शिरून त्यांना सुटं ठेवतात.

हे रेणू साखळीला रासायनिक बंधानं जोडलेले नसतात. आवरणाला कोमट तेल सतत लागत राहिलं की प्लॅस्टिसायझर हळूहळू तेलात उतरतो. आवरण आकसतं, कडक होतं आणि वाकवलं की चिरतं. सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणाऱ्या, मशीनवरचं पांढरं कूलंट दिसायला पाणी असलं तरी त्यात तेलाचे बारीक थेंब असतातच, शिवाय मशीनचं वंगण त्यात मिसळत जातं. एका जागी पडून असलेली केबल अशी कडक झाली तरी बराच काळ निभावते. ड्रॅग चेनमधून, म्हणजे मशीनच्या हलत्या भागाबरोबर केबल वाहून नेणाऱ्या साखळीतून, दिवसभर पुढेमागे पळणारी केबल निभावत नाही.

अशा जागी पॉलियुरेथेन घ्यावं. त्याच्या एकाच साखळीत कडक आणि मऊ असे दोन्ही तुकडे असतात. कडक तुकडे हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून ठेवतात, मऊ तुकडे लवचीकपणा देतात. मऊपणासाठी बाहेरून द्रव मिसळावा लागत नाही, त्यामुळे तेलात उतरण्यासारखं फारसं काही उरतच नाही. घासलं गेलं तरी ते फार चिवट असतं. चाकण किंवा भोसरीतल्या मशीन शॉपमध्ये हलत्या केबलसाठी त्याचे जादा पैसे मोजणं मला पूर्ण योग्य वाटतं.

मात्र पॉलियुरेथेन म्हणून विकलं जाणारं सगळं एकसारखं नसतं. मऊ तुकडा पॉलिएस्टरचा असू शकतो किंवा पॉलिइथरचा. पॉलिएस्टरमधला एस्टर बंध उष्ण, दमट हवेत पाण्यामुळे तुटतो, आणि बाहेरून धडधाकट दिसणारं आवरण काही वर्षांत भुसभुशीत होतं. इथर बंध पाण्याला दाद देत नाही. कोकणातला पावसाळा असो की पाण्यात मिसळलेलं कूलंट, दोन्हीकडे पॉलिइथरच मागावं, आणि ते मागणीपत्रात शब्दांत लिहावं.

आगीचा विचार करताना पीव्हीसीचा मोठा गुण दिसतो. शुद्ध पीव्हीसीच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग क्लोरीनचा असतो, आणि क्लोरीन ज्वाळेतली रासायनिक साखळी तोडतो. साधं पॉलिथिन एकदा पेटलं की जळतच जातं; पीव्हीसी तसं सहजी जळत राहत नाही. पण मोठ्या आगीत केबलींचे गठ्ठेच्या गठ्ठे तापतात, तेव्हा तोच क्लोरीन हायड्रोजन क्लोराइड वायू होऊन बाहेर पडतो. ओलावा मिळाला की त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं, डोळ्यांत, फुप्फुसांत आणि इलेक्ट्रॉनिक सर्किटवरसुद्धा. फेब्रुवारी 1975 मध्ये न्यूयॉर्कच्या सेकंड अव्हेन्यूवरच्या टेलिफोन एक्स्चेंजला आग लागली. पीव्हीसी केबलींच्या धुरात अग्निशामक दलाच्या जवानांना तासन्‌तास काम करावं लागलं आणि सुमारे 1,70,000 फोन बंद पडले.

झिरो हॅलोजन केबल वापरण्यामागे हाच विचार आहे. तिच्या आवरणात क्लोरीन किंवा त्याच्या कुळातली मूलद्रव्यं, म्हणजे हॅलोजन, नसतात. त्याऐवजी पॉलिथिनच्या जातीच्या प्लॅस्टिकमध्ये ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडची पूड भरतात. सुमारे 200 अंश सेल्सिअसच्या वर ही पूड पाण्याची वाफ सोडते. वाफ होताना उष्णता शोषली जाते आणि ज्वाळाही विरळ होते. मात्र त्यासाठी वजनाच्या निम्म्याहून अधिक पूड घालावी लागते, म्हणून हे आवरण लवकर फाटतं आणि साध्या प्रकारात तेलालाही कच्चं असतं. मेट्रोच्या बोगद्यात ते हवंच, मशीनच्या पोटाखाली ते चुकीचं ठरतं.

आपल्याकडे इथे एक घोळ कायम होतो. एफआरएलएस (फ्लेम रिटार्डंट लो स्मोक) म्हणजे झिरो हॅलोजन नव्हे. एफआरएलएस केबलचं आवरण पीव्हीसीचंच असतं, फक्त धूर आणि आम्लवायू कमी निघावा असं बनवलेलं. त्यातून वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंत आम्लवायू निघालेला मानकाला चालतो. जिथून बाहेर पडायची वाट अरुंद आहे आणि माणसं पुष्कळ आहेत, तिथे हा फरक दुर्लक्षित राहू नये. तिथे पैसे वाचवणं मला कधीच पटणार नाही.

भट्टीजवळ सिलिकॉन रबर लागतं. त्याचा कणा कार्बनचा नसून सिलिकॉन आणि ऑक्सिजनचा असतो, म्हणून ते 180 अंशांपर्यंत सतत चालतं. पण ते नखानंही फाटेल इतकं नाजूक, त्यामुळे वरून काचतंतूंची वीण हवी. गाड्यांच्या पेंट शॉपमध्ये मात्र त्याला बंदी असते. सिलिकॉनचा सूक्ष्म अंश पत्र्यावर पोचला तरी रंग तिथे पसरत नाही आणि बारीक खड्डे पडतात. उघड्या उन्हातल्या केबलला काळं आवरणच बरं. त्यातला दोन-अडीच टक्के कार्बन ब्लॅक अतिनील किरण स्वतःच शोषून घेतो.

तेल-रोधक असं छापलेलं असेल तर कोणत्या चाचणीनुसार, ते विचारावं. यूएल या अमेरिकी संस्थेच्या तेल-चाचणीची पहिली पायरी 100 अंशांच्या तेलात चार दिवसांची आहे, दुसरी 75 अंशांवर 60 दिवसांची. दोन्हींत बराच फरक पडतो. शिवाय चाचणीतलं तेल म्हणजे तुमचं कूलंट नव्हे. पुरवठादाराकडून वीतभर तुकडे घ्यावेत, टोकं नीट बंद करावीत आणि टाकीतल्या वापरलेल्या कूलंटमध्ये ते काही आठवडे उबदार जागी बुडवून ठेवावेत. आधी आणि नंतर वजन करावं, वाकवून पाहावं. व्हर्नियरनं व्यासही मोजावा, कारण आवरण आकसलं की ग्लँडची, म्हणजे केबल पेटीत शिरते तिथल्या आवळणाऱ्या जोडाची, पकड सैल होते आणि कूलंटला आत शिरायला चीरही लागत नाही.