गोधडी वेगळी, पकड वेगळी

चिकोडी-निपाणी पट्ट्यातल्या साखर कारखान्यात ज्याने एक ऑफ सीझन काढलाय, त्याला वाफेच्या लाइनचं लॅगिंग, म्हणजे उष्णता राखणारं आवरण, शिकवायला नको. रॉकवूल (दगडी लोकर) गुंडाळा, तारेने आवळा, वर ॲल्युमिनियमचा पत्रा. पावसाचं पाणी शिरून भिजलं, तर गळीत सुरू व्हायच्या आत सोलून नवं चढवा.

घोळ होतो तो युरोपात घरं उबदार ठेवण्यासाठी जमिनीखालून गरम पाणी नेणाऱ्या पाइपांशी याची तुलना करताना. ‘तिथंबी फोमची गोधडीच की!’ हे इतक्यांदा ऐकलंय की आता कान किटले.

आपली लाइन सपोर्टवर मोकळी सरकते, मध्ये वाढ सामावणारी वळणं, म्हणजे लूप असतात. १०० मीटर पाइप ८० अंशांनी तापला की साडेनऊ सेंटिमीटर वाढतो. रॉकवूलला त्याचं सोयरसुतक नसतं. तिकडे पोलादी पाइप, पॉलियुरेथेन फोम आणि वरचं पॉलिथिलीनचं कवच एकजीव असतं. वाढू पाहणाऱ्या पाइपला फोम धरतो, फोमला कवच, कवचाला माती. फोम नुसती गोधडी नाही, पकडही आहे.

ही दोन कामं वेगवेगळी म्हातारी होतात. फोमच्या बंद कप्प्यांतला कार्बन डायऑक्साइड कवचातून निसटतो, फोम फुगवायला वापरलेला सायक्लोपेंटेन वायू त्याहून सावकाश, आणि आत हवा शिरते. गोधडी विरते, उष्णता जास्त गळते, खर्च वाढतो, पण लाइन चालते. पकडीचं तसं नाही. भाच्याने जर्मनीहून वापरलेल्या पाइपचा कापलेला तुकडा आणला होता: कवचाकडचा फोम पिवळसर, पोलादालगतचा तपकिरी, नखाने भुगा होणारा. तो थर सर्वांत जास्त तापतो. उष्णता आणि ऑक्सिजन त्याला ठिसूळ करतात. पकड सुटली की पाइप कवचाच्या आत सरकतो आणि ताण वळणांवर, फाट्यांवर जातो.

म्हणूनच या पाइपांच्या ईएन २५३ या युरोपीय मानकात उष्णतावहन वेगळं तपासतात आणि पकड वेगळी. मुद्दाम तापवून म्हातारा केलेला नमुनासुद्धा २३ अंशांना ०.१२ मेगापास्कल कातर-ताण (पाइपला फोमपासून सरकवू पाहणारा ताण) सोसायला हवा. त्यातलं ‘१२० अंशांवर सतत ३० वर्षं’ हे एक्स्पायरी डेटसारखं सांगणाऱ्यांचा मला विशेष राग आहे. पाणी कमी तापवलं तर पाइप त्याहून पुष्कळ टिकतो.

सांध्यातून ओल शिरते, हे खरं. ती पकडायला फोममध्ये तांब्याच्या तारा असतात.

आमच्या जुन्या फिटरने तो तुकडा अंगठ्याने दाबून पाहिला. ‘सायेब, ह्ये सोलून नवं घालाय येत न्हाई काय मग?’

नाही येत. रस्ता खणून तेवढी लाइनच नवी टाकावी लागते.