स्टिरिओची एक बाजू मुकी झाली तर

स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे एकाच पेटीत बसवलेले दोन सारखे अ‍ॅम्प्लिफायर. पॉवर सप्लाय बहुतेक वेळा सामाईक, बाकी सर्किट डावीकडे जसं तसंच उजवीकडे. त्यामुळे एक बाजू बंद पडली, तर तिचा दोष शोधायचा नकाशा शेजारच्या चालू बाजूतच मिळतो.

पावसाळाभर गोदाकाठच्या दमट खोलीत पडून राहिलेला सेट गणपतीत लावला आणि उजवा स्पीकर बोललाच नाही, तर लगेच स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नये. बॅलन्सची खुंटी मध्यावर आहे ना, ते पाहावं. मग सेट बंद करून मागच्या लाल-पांढऱ्या आरसीए पिना आपसांत बदलाव्यात. शांतता दुसऱ्या बाजूला गेली, तर दोष केबलमध्ये किंवा गाणं पुरवणाऱ्या यंत्रात. जागीच राहिली, तर अ‍ॅम्प्लिफायर किंवा स्पीकर.

स्पीकरच्या तारा मात्र मीटर लावल्याशिवाय आपसांत बदलू नयेत. मुक्या बाजूचा स्पीकर काढून, आवाज शून्यावर ठेवून, टर्मिनलवर डीसी व्होल्टेज मोजावं. 50 मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. एक व्होल्टच्या वर गेलं, तर आउटपुट ट्रान्झिस्टर (स्पीकरला ताकद पुरवणारा) शॉर्ट असण्याची शक्यता दाट, आणि तिथे जोडलेल्या चांगल्या स्पीकरची कॉइलही जळू शकते. काढलेला स्पीकरही मोजून घ्यावा: 8 ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण 6 ते 7 ओहम दाखवतो.

प्रोटेक्शन रिले, म्हणजे सगळं ठीक असेल तरच ‘टक्’ करून स्पीकर जोडणारा स्विच, असलेल्या सेटमध्ये आउटपुटवर डीसी आला की रिले लागतच नाही आणि बहुधा दोन्ही बाजू गप्प होतात. म्हणून ‘टक्’ आवाज येऊनही एकच बाजू बंद असेल, तर पहिला संशय रिलेच्या कॉन्टॅक्टवर घ्यावा. त्याची खूणही ठरलेली: आवाज मोठा केला की बाजू अचानक जिवंत होते. कॉन्टॅक्टवर चढलेला पातळ थर लहान सिग्नलला अडवतो, मोठा सिग्नल तो भेदून जातो. अशा वेळी कॉन्टॅक्ट क्लीनरने ओलावलेली जाड कागदाची पट्टी कॉन्टॅक्टमधून ओढावी. पॉलिश पेपर कधीही वापरू नये, चांदीचा मुलामा निघून जातो. बंद डबीचा रिले असेल तर तेवढ्याच कॉइल व्होल्टेजचा, तेवढ्याच अ‍ॅम्पिअरचा आणि त्याच पिनांचा नवीन बसवणं बरं.

पेटी उघडायची तर प्लग काढून. मोठे फिल्टर कॅपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेले राहतात. ते 100 ओहम, 10 वॅटच्या रेझिस्टरने पाच-सहा सेकंद रिकामे करावेत आणि मीटरने खात्री करावी. मग दोन्ही बाजूंच्या आउटपुट ट्रान्झिस्टरचं रीडिंग मीटरच्या डायोड रेंजवर शेजारी-शेजारी घ्यावं. कलेक्टर-एमिटर या दोन पायांमध्ये मीटर दोन्ही दिशांनी जवळजवळ शून्य दाखवत असेल, तर तो गेला. त्याची जोडी बदलावी, आणि त्यांना चालवणारे ड्रायव्हर ट्रान्झिस्टर व एमिटरचे सिमेंट रेझिस्टरही तपासावेत, नाहीतर नवीन जोडीही चालू करताच जाते. ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक यांच्यामधली अभ्रकाची चकती विसरू नये.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना मेनच्या वायरमध्ये 100 वॅटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावावा, एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. प्रखर पेटून राहिला, तर लगेच प्लग काढावा: शॉर्ट अजून आत आहे.