सेव्ह केलं, पण कमिट केलं का?

मार्च जवळ आला की नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत बजेट भरताना एक वाद हमखास होतो. विक्रीवाले म्हणतात, 'आम्ही सेव्ह केलंय.' फायनान्सला जुनेच आकडे दिसत असतात. खोटं कुणीच बोलत नसतं.

कीर्द-खतावणीच्या काळात कच्च्या टिपणातला आकडा वहीत चढेपर्यंत हिशेबात धरत नसत. 1979 मध्ये व्हिसिकॅल्क आलं आणि स्प्रेडशीटने ही पायरी पुसली: एक माणूस, एक फाइल, सेव्ह म्हणजे डिस्कवर. 'कमिट' हा शब्द डेटाबेसच्या घरातला. एका व्यवहारातले बदल पक्के तर सगळे, नाहीतर एकही नाही.

प्लॅनिंग, म्हणजे बजेट भरण्याचं काम, सर्व्हरवर गेलं आणि गुंता सुरू झाला. 1990च्या दशकात एसबेस या सर्व्हरवरच्या डेटाबेसमध्ये एक्सेलमधले आकडे 'लॉक' करून 'सेंड' करत. सॅप कंपनीच्या प्लॅनिंगमध्ये बदल बफरमध्ये (तात्पुरत्या जागेत) थांबतात आणि 'सेव्ह' दाबल्यावरच पक्के होतात. टीएम-वन या प्लॅनिंग सॉफ्टवेअरमध्ये सँडबॉक्स, म्हणजे आकड्यांची खासगी प्रत, आला तेव्हा हेच काम 'कमिट'कडे गेलं. सँडबॉक्समधला आकडा फक्त तुमचा. कमिट केल्यावर तो सगळ्यांच्या मूळ डेटात जातो. म्हणजे एकीकडचं सेव्ह ते दुसरीकडचं कमिट. नोकरी बदलून आलेला माणूस इथेच फसतो.

त्यात टीएम-वनचा डेटा राहतो मेमरीत. कमिट झालेला आकडा सर्वांना दिसतो, पण डिस्कवर जातो तो अ‍ॅडमिनच्या 'सेव्ह डेटा'ने. मधेच सर्व्हर पडला तर मदार लॉगवर, म्हणजे बदलांच्या नोंदीवर, आणि वेग वाढवायला तो लॉग काही क्यूबसाठी (आकड्यांच्या बहुमितीय तक्त्यांसाठी) बंदही ठेवता येतो. एक्सेलच्या सवयीने सेव्ह म्हणजे शेवटची पायरी. इथेही शेवटचीच, पण ती दुसऱ्याच्या हातात!

सँडबॉक्स हवाच का, यावर अजून एकमत नाही. माझं मत हवाच. अवकाळीने निर्यातीची द्राक्षं निम्मी गेली तर, हे मूळ आकड्यांवर करून पाहायची गोष्ट नाही. वर्षाचा एक आकडा बदलला की तो महिने, वाण, ग्राहक यांच्या शेकडो सेलमध्ये वाटला जातो. विरोधकांचा मुद्दाही खोटा नाही: दोघांनी एकच सेल बदलला तर नंतर कमिट करणाऱ्याचा आकडा राहतो, पहिल्याला पत्ताही लागत नाही.

पुढे अ‍ॅनाप्लॅनसारख्या क्लाउडवरच्या प्लॅनिंग सॉफ्टवेअरनी बटणच काढलं. भरलेला आकडा लगेच सर्वांचा. 2017 मध्ये एक्सेललाही ऑटोसेव्ह आलं. सॅपच्या क्लाउडमध्ये मात्र खासगी आवृत्ती आहे, आणि तिथल्या बटणावर लिहिलंय 'पब्लिश'.