बिब्बा उतला तर खोबरेल. मस्टर्ड लागलं तर?

सातपुड्याच्या पायथ्याला, चोपडा-यावलकडे, बिब्बा उतला की आधी खोबरेल चोळतात. चिक लागतो तेव्हा काही कळत नाही, फोड मागाहून येतात. मस्टर्ड गॅस या युद्धातल्या रासायनिक अस्त्राचंही तसंच. अंगावर पडताना दुखत नाही. लाली आणि फोड काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी उठतात. साम्य इथेच संपतं. बिब्ब्याची ती ॲलर्जी असते, मस्टर्ड मात्र काही मिनिटांत पेशीतल्या डीएनएला जाऊन चिकटतं. शिवाय ते तेलात विरघळतं, त्यामुळे खोबरेल चोळलं की विष पसरतं आणि आत मुरतं. (मोहरीशी त्याचं नातं फक्त वासापुरतं.)

जर्मनांनी ते पहिल्यांदा जुलै 1917मध्ये बेल्जियममधल्या ईप्रजवळ वापरलं. 1930च्या दशकात ब्रिटिशांनी रावळपिंडीत हिंदी शिपायांवरच त्याच्या चाचण्या घेतल्या. तेलाचा धडा मिळाला तो इटलीतल्या बारी बंदरात. 2 डिसेंबर 1943ला हवाई हल्ल्यात ‘जॉन हार्वे’ हे जहाज बुडालं. त्यात मस्टर्डचे सुमारे 2,000 बॉम्ब होते, पण ही गोष्ट गुप्त होती. मस्टर्ड पाण्यावरच्या इंधनतेलात मिसळलं. बाहेर काढलेल्या खलाशांना त्याच तेलकट, ओल्या कपड्यांवर ब्लँकेटं गुंडाळून बसवलं गेलं. 600हून जास्त माणसं पोळली.

म्हणून पहिल्या काही मिनिटांत कुठल्याही झाडपाल्याला जागा नाही. कपडे उतरवायचे, थेंब टिपायचे (घासायचे नाहीत), मुलतानी माती भुरभुरून झटकायची, मग साबण आणि भरपूर पाणी. डोळ्यांत गेलं असेल तर त्याच क्षणी नुसत्या पाण्याने धुवायचे.

वनस्पतींची पाळी येते ती पुष्कळ उशिरा. इराण-इराक युद्धात (1980-88) पोळलेल्या इराणी सैनिकांच्या जखमा भरल्या, पण कोरडी कातडी आणि खाज वर्षानुवर्षं राहिली. तिथल्या एका चाचणीत 67 जणांपैकी निम्म्यांना कोरफड आणि ऑलिव्ह तेलाचं क्रीम, निम्म्यांना 0.1 टक्के बेटामेथासोन (स्टेरॉइड मलम) दिलं. दिवसातून दोनदा, सहा आठवडे. खाज दोन्हींनी सारखीच उतरली. इथे तेल चाललं, कारण विष कातडीवरून केव्हाच गेलेलं होतं.

बांधावरची कोरफड मात्र कापली की लगेच लावू नये. सालीखालचा पिवळा चिक कातडीला झोंबतो, म्हणून पान उभं ठेवून तो निथळू द्यावा, मग साल काढून आतला गर धुऊन घ्यावा. फुटलेल्या फोडावर तोही नको, जंतू शिरतात.

‘हयद’, म्हणजे हळदही तपासली गेली. अशाच 96 जणांच्या चाचणीत रोज 1 ग्रॅम करक्युमिन (हळदीतला पिवळा घटक) चार आठवडे पोटातून दिल्यावर खाज कमी झाली. पण हळदीत करक्युमिन जेमतेम तीन टक्के. तेवढ्यासाठी रोज तीसेक ग्रॅम हळद लागेल. हळदीच्या दुधात आपण टाकतो चमचाभर.