सीटमागचं इंजिन आणि मराठवाड्याचं ऊन

मोटरसायकलचं इंजिन घरी बनवलेल्या गो-कार्टवर, म्हणजे बुटक्या, उघड्या चारचाकीवर बसवलं की पहिल्या दोन फेऱ्या झकास जातात. तिसऱ्या-चौथ्या फेरीला पिकअप पडतो, ॲक्सिलरेटर दाबला की हेडमधून (सिलिंडरच्या वरच्या झाकणातून) खडखड ऐकू येते, आणि तरीही कार्ट पळवत राहिलं तर पिस्टन स्लीव्हमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीत, अडकून बसतो. मग इंजिन जुनं होतं, भंगारातलं होतं, असं म्हणून दुसरं शोधायला सुरुवात होते. पुष्कळदा ते इंजिन धडधाकट असतं, त्याला फक्त वारा मिळत नसतो.

मोटरसायकलवर सिलिंडर पुढच्या चाकामागे, वाऱ्याच्या तोंडावर असतो. कार्टमध्ये तोच सिलिंडर चालवणाऱ्याच्या पाठीमागे, सीटच्या आडोशाला जातो. तिथे हवा नुसती घुटमळते. त्यात चाकाचा फरक पडतो. १८ इंची रिमच्या मोटरसायकलचं मागचं चाक टायरसकट साधारण ६२० मिमी व्यासाचं असतं, कार्टचं २८० मिमीच्या आसपास. स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) तेच ठेवलं, तर त्याच गिअरमध्ये कार्ट ताशी ४० किमीने धावताना इंजिन इतकं फिरतं, जितकं मोटरसायकल ताशी ८८ किमीने पळताना फिरतं. म्हणजे आतलं घर्षण ८८ चं आणि वारा ४० चा, तोही सीटने अडवलेला. मागचं स्प्रॉकेट ४२ दात्यांचं असेल तर २८ च्या आसपासचं लावा, आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, एक तृतीयांशाने उतरतो. त्याहून फार लहान मात्र नको. मग इंजिन कमी आरपीएमवर ओढत चालतं, नॉकिंग (पेट्रोल अवेळी भडकून होणारी खडखड) सुरू होतं आणि हेड पुन्हा तापतं.

किती उष्णता बाहेर काढायची, याचा हिशोब एकदा मांडून बघण्यासारखा आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण ३३ मेगाज्यूल ऊर्जा सुटते. तासाला एक लिटर पिणारं इंजिन म्हणजे ९ किलोवॅट. त्यातली जेमतेम पाव ऊर्जा शाफ्टवर मिळते, बरीचशी सायलेन्सरवाटे जाते, आणि ढोबळमानाने एक तृतीयांश, म्हणजे ३ किलोवॅट, फिन्सनी (सिलिंडरभोवतीच्या पातळ पाकळ्यांनी) हवेला द्यायची असते. बाथरूममधला इन्स्टंट गिझर ३ किलोवॅटचाच असतो. त्याच्यातून पाणी वाहत असतं म्हणून तो जळत नाही. इथे पाण्याचं काम हवेने करायचं आहे. फिन्समधून जाताना हवा ४० अंशांनी तापते असं धरलं, तर दर सेकंदाला जवळपास ७० लिटर हवा लागते.

परभणी, नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो. हेड २०० अंशांवर असेल तर २५ अंशांच्या हवेशी त्याचा फरक १७५ अंशांचा, ४२ अंशांच्या हवेशी १५८ चा. तेवढ्यानेच १० टक्के उष्णता कमी वाहून जाते. गरम हवा विरळही असते, तिचा आणखी ५ टक्के फटका. उन्हातलं डांबर ६० अंशांच्या वर गेलेलं असतं आणि कार्टचं इंजिन त्या डांबरापासून वीतभरच वर. डिसेंबरात बिनतक्रार चाललेली कार्ट एप्रिलात बंद पडते ती यामुळे.

उपाय पत्र्याचा आहे आणि स्वस्त आहे. हवा नेहमी मोकळी वाट धरते. फिन्सच्या अरुंद फटींत शिरण्याऐवजी ती सिलिंडरला वळसा घालून निघून जाते. तिची बाहेरची वाट बंद केली तरच ती फटींतून जाते. १५ किलोच्या तेलाचा रिकामा डबा कापून निघणारा पत्रा या कामाला पुरतो. सिलिंडर आणि हेडच्या दोन्ही बाजूंनी कवच वळवा, पत्रा आणि फिन्सची टोकं यांत ३ ते ५ मिमी फट ठेवा. जास्त ठेवली तर हवा तिथूनच पळते, पत्रा टेकला तर थरथरून झिजतो. कवच पाठीमागेही वळवून घ्या, कारण वारा न लागणारी मागची बाजूच सगळ्यात आधी तापते आणि सिलिंडर एका अंगाने फुगून लंबगोल होतो.

कवचाचं तोंड सीटच्या कडेबाहेर, स्वच्छ वाऱ्यात काढा. ताशी ३० किमीला हवा सेकंदाला ८.३ मीटर सरकते, म्हणजे ७० लिटरसाठी हिशोबाने ८५ चौरस सेंटिमीटरचं तोंड पुरायला हवं. पण निम्मी हवा तोंडावरून निसटते, म्हणून १५ बाय १२ सेंमी ठेवा. बाहेर पडायची वाट तोंडाच्या दीडपट मोठी हवी, कारण तापलेली हवा फुगते. ही वाट बहुतेक जण विसरतात, आणि कवच लावूनही इंजिन तापतं. सायलेन्सरचा बेंड आत येणाऱ्या हवेच्या वाटेत नको. जागाच नसेल तर मध्ये १० मिमी अंतर सोडून पत्र्याचा आडोसा करा.

जमलं की नाही ते दोऱ्याने कळतं. सुती दोऱ्याचे पाच-पाच सेंमीचे तुकडे तोंडाच्या आणि बाहेरच्या कडेला चिकटवा, फेरी मारताना बाजूने मोबाइलवर व्हिडिओ घ्या. दोरे सरळ मागे ताणलेले दिसले तर हवा वाहते आहे. गोल फिरत असतील किंवा पुढे वळत असतील तर तोंड चुकीच्या जागी आहे, चार बोटं बाहेर सरकवा.

स्कूटरच्या आणि फवारणीच्या किंवा पाण्याच्या पंपाच्या इंजिनाला मॅग्नेटोवर (ठिणगीची वीज बनवणाऱ्या चाकावर) पंखा असतो, त्याला वेगळं कवच लागत नाही. तिथे चूक उलटी होते. दिसायला बरं म्हणून मूळचं आवरण काढून टाकतात आणि पंखा नुसता हवा घुसळत बसतो. ते आवरण कधीही काढू नका. पंख्याच्या जाळीत कापसाचे तंतू आणि काडीकचरा अडकतो, तो दर वेळी झटका. पंपाच्या इंजिनाचा गव्हर्नर (वेग आवरणारी यंत्रणा) काढून ३६०० आरपीएमच्या पुढे फिरवलं तर उष्णता तर वाढतेच, कनेक्टिंग रॉडही तुटू शकतो. कॉम्प्युटरचा पंखा कवचाला जोडणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की तो उघड्यावर भरपूर हवा फेकतो, पण फिन्सच्या फटींतून हवा रेटायला लागणारा दाब त्याच्यात नसतो.

आता मिश्रण. हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं की इंजिन जास्त तापतं. एअर फिल्टर काढून टाकला, सायलेन्सर मोकळा केला, कार्बोरेटरच्या रबरी पाइपला चीर गेली, या सगळ्यांचा परिणाम तोच. आणि आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, मराठवाड्यातल्या साखर कारखान्यांतही ते बनतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला साधारण १३.५. म्हणजे शुद्ध पेट्रोलवर जुळवलेला जुना कार्बोरेटर त्याच जेटवर (इंधन सोडणाऱ्या भोकाच्या तुकड्यावर) गरजेपेक्षा सुमारे ८ टक्के कमी इंधन देतो. कीहिन कंपनीच्या कार्बोरेटरच्या मेन जेटवरचा आकडा भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो. १०० च्या जागी १०५ घातला की भोकाचं क्षेत्रफळ १० टक्क्यांनी वाढतं, तेवढं पुरतं. फुल थ्रॉटलवर पळत असतानाच क्लच दाबून इंजिन बंद करा, थंड झाल्यावर प्लग उघडून पाहा. त्याच्या टोकाचा चिनी मातीचा इन्सुलेटर फिकट कॉफी रंगाचा हवा. पांढराफटक, फोड आल्यासारखा असेल तर जेट अजून लहान आहे.

ऑइलचं थोडक्यात: मोटरसायकलच्या इंजिनात क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, म्हणून डब्यावर 'जासो एमए' (JASO MA, अशा क्लचसाठीचं मानक) लिहिलेलंच घ्या. पातळी दर वेळी पाहा आणि इंजिन २० ते २५ तास चाललं की ऑइल बदला.

तापमान अंदाजाने नको, मोजा. प्लगचा वॉशर काढून त्याच्या जागी के-टाइप थर्मोकपलची (तापमान मोजणाऱ्या तारेची) रिंग बसते, प्लगच्या आट्याप्रमाणे १० किंवा १४ मिमीची. १७० ते २०० अंश ठीक, २३० दिसलं की थांबा. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत ॲल्युमिनियमवर धरला तर फार कमी आकडा दाखवतो. हेडवर रुपयाएवढा मॅट काळा, उष्णता सोसणारा रंग लावा आणि तिथेच नेम धरा.

५० मिमीचा पिस्टन ५० अंशांनी जास्त तापला की व्यासात ०.०५ मिमी वाढतो. पिस्टन आणि स्लीव्ह यांच्यातली फट मुळात तेवढीच, कधी त्याहूनही कमी असते. इंजिन अडकतं ते असं. म्हणून खडखड ऐकताच क्लच दाबा आणि बंद करा. गरम हेडवर पाणी मुळीच ओतू नका, हेड वाकतं. पंखा नसलेलं इंजिन उभ्याने चालू ठेवून गार होत नाही. बंद करून समोर कूलर लावा, पाणी न भरता. बंद केल्यावरही हेडची उष्णता काही मिनिटं कार्बोरेटरकडे सरकत राहते आणि आतलं पेट्रोल उकळतं, म्हणून दोघांमधली हायलमची (उष्णता अडवणाऱ्या कडक प्लॅस्टिकची) जाड पट्टी जागेवर असू द्या.