इंग्रजी उपसर्ग आले कुठून?

पेट्रोलच्या टँकरवर मागे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, 'हायली इनफ्लेमेबल'. शाळेत 'इन म्हणजे नाही' एवढंच घोकलेलं मूल त्याचा अर्थ 'अजिबात पेट न घेणारं' असा लावतं, आणि त्यात मुलाची चूक नाही. लॅटिनमध्ये 'इन' दोन होते, एक नकाराचा आणि दुसरा 'आत' या अर्थाचा. टँकरवरचा 'इन' दुसरा. मूळ क्रियापदाचा अर्थच पेटवणं. या घोळापायी कुणाचा जीव जाऊ नये म्हणून अमेरिकेत १९२०च्या दशकात अग्निसुरक्षेचं काम करणाऱ्यांनी त्याऐवजी 'फ्लेमेबल' लिहा, असा आग्रह धरला.

असे घोळ होतात, कारण इंग्रजीतले उपसर्ग एका घरचे नाहीत. 'अन', 'मिस', 'ओव्हर', 'आउट' हे जुन्या इंग्रजीतले, घरचेच. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं, दरबारात फ्रेंच आली आणि तिच्याबरोबर 'री', 'डिस', 'एन' आले. पुढे विद्वानांनी लॅटिन आणि ग्रीक ग्रंथांतून आणखी घेतले. 'टेली', 'मायक्रो' हे ग्रीक. म्हणून एका नकारासाठी अनहॅपी, इम्पॉसिबल, नॉनस्टॉप, डिसऑनेस्ट इतकी रूपं. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? अशक्य, बेजबाबदार, गैरहजर, नापसंत. संस्कृतच्या शेजारी फारसी-अरबी उपसर्ग आपण रोज सहज वापरतो. इंग्रजी शिकवताना हे मुलांना सांगितलं जात नाही, याची मला फार हळहळ वाटते.

नातं त्याहूनही जवळचं आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच उगमातून आल्या असाव्यात, असं संस्कृत शिकलेले इंग्रज न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात मांडलं. उपसर्गांत ते नातं अजून दिसतं. आपला 'अ', इंग्रजी 'अन', लॅटिन नकारार्थी 'इन' आणि ग्रीक 'अन' हे सख्खे भाऊ. 'परि' आणि पेरिमीटरमधला 'पेरि', 'उपरि' आणि 'हायपर' यांचंही तसंच. व्यंजनापुढे 'अशक्य' पण स्वरापुढे 'अनादर', हा नियम ग्रीकमध्येही आहे. अॅनिमिया म्हणजे शब्दशः 'रक्त नसणं', त्यातला 'अन' हाच.

'इन'चा 'इम' किंवा 'इल' कसा होतो, हे तर संधी शिकलेल्याला समजावूनही सांगावं लागत नाही. उत् आणि नती मिळून उन्नती, उत् आणि लेख मिळून उल्लेख. तसंच इम्पॉसिबल, इल्लीगल. पुढच्या अक्षराकडे जीभ आधीच वळते.

'डिस'ची जोडी मात्र जपून ओळखावी. डिसऑनेस्टमधला लॅटिन, पण डिसेंट्रीमधला ग्रीक, म्हणजे आपला 'दुस्'. आणि त्यापुढचं 'एंटेरा' म्हणजे आतडी, आपलं 'आंत्र'. दवाखान्याच्या कागदावरचा तो परका वाटणारा शब्द उलगडला, की त्याचे दोन्ही तुकडे आपल्या ओळखीचे निघतात.