पाव सेकंदाचा डाव

फाइटिंग गेममध्ये स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला 60 वेळा बदलतं. प्रत्येक चित्र म्हणजे एक फ्रेम, जेमतेम 16.7 मिलिसेकंदांची. खेळाचा सगळा हिशेब याच मापात चालतो. ‘स्ट्रीट फायटर 6’मधले सर्वांत जलद ठोसे चौथ्या फ्रेमला लागतात, साधा थ्रो, म्हणजे जवळून पकडून फेकणं, पाचव्या. डोळ्यांना काही दिसल्यावर बोट हलायला माणसाला मात्र 200 ते 250 मिलिसेकंद, म्हणजे 12 ते 15 फ्रेम लागतात. त्यामुळे येणारा थ्रो पाहून त्याला उत्तर देणं जवळपास अशक्य. तो येणार हे आधीच ताडावं लागतं, आणि जिथे ताडायचं तिथे अधूनमधून चुकणं आलंच.

हा पेच सर्वांत स्पष्ट दिसतो तो पडलेला खेळाडू उठताना. समोरचा अंगाशी येऊन उभा आहे. तो ठोसा मारेल किंवा थ्रो करेल. ब्लॉक केला तर ठोसा अडतो, पण थ्रो लागतो. थ्रो सोडवायचं बटण दाबलं तर थ्रो सुटतो, पण ठोसा लागून पुढे अख्खा कॉम्बो, म्हणजे न सुटणारी फटक्यांची माळ, बसतो. समजा थ्रोने आयुष्याचे (पात्राच्या उरलेल्या ताकदीच्या पट्टीचे) 100 गुण जातात आणि कॉम्बोने 300. हल्ला करणाऱ्याने काय जास्त वापरावं? बहुतेक जण म्हणतील, कॉम्बो. गणित उलट सांगतं: चारपैकी तीनदा थ्रो, एकदाच ठोसा. कारण कॉम्बोच्या धाकाने समोरचा बहुतेक वेळा ब्लॉकच करणार. त्यानेही चारपैकी तीनदा ब्लॉक आणि एकदा थ्रो सोडवायचा प्रयत्न असं प्रमाण ठेवलं, तर दर वेळी सरासरी 75 गुण जातात. हल्लेखोर कसाही वागला तरी त्याहून जास्त नाहीत. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी 1928 मध्ये सिद्ध केलेल्या प्रमेयाचं हे छोटं रूप.

प्रत्यक्षात हे प्रमाण कुणाकडूनच नेमकं पाळलं जात नाही. खेळाडूंना सवयी असतात. कुणी दोन थ्रो लागले की तिसऱ्यांदा हमखास उडी मारतो, कुणी घाबरला की मागेच सरकतो. म्हणून हरलेल्या सामन्याचा रिप्ले पाहताना फक्त आपण कुठे मार खाल्ला ते पाहू नये. पडल्यावर, कोपऱ्यात अडकल्यावर आणि आयुष्य संपत आल्यावर आपण काय करतो, ते तीन रकान्यांत लिहावं. एकाच रकान्यात तेच उत्तर चारदा आलं, तर समोरच्यालाही ते दिसलेलं असतं.

उडीची गोष्ट निराळी. ती सुमारे 45 फ्रेम चालते, म्हणजे पाऊण सेकंद. पाहून हाणायला वेळ भरपूर असतो, तरी ती सुटते, कारण लक्ष जमिनीवरच्या चालींत गुंतलेलं असतं. ट्रेनिंग मोडमध्ये समोरच्या पात्रासाठी नुसती उडी रेकॉर्ड करून सराव केला की दहापैकी दहा अडतात आणि सामन्यात पुन्हा सुटतात. एकच गोष्ट येणार हे ठाऊक असताना मेंदूला निवड करावी लागत नाही. पर्याय वाढले की प्रतिसाद मंदावतो. म्हणून तीन चाली रेकॉर्ड कराव्यात: उडी, पुढे चालत येणं आणि लांबून लाथ. त्या कुठल्याही क्रमाने येऊ द्याव्यात. सुरुवातीला दहापैकी पाच-सहाच अडतील. ते खरे.

निकालाकडेही जरा सबुरीने पाहायला हवं. दर गेममध्ये 60 टक्के जिंकण्याची क्षमता असलेला खेळाडू तीनपैकी दोन गेमच्या सामन्यात सुमारे 65 टक्के वेळाच जिंकतो. म्हणजे दर तीन सामन्यांतला एक तो स्वतःपेक्षा कच्च्या खेळाडूकडून हरतो. दहा विजय आधी मिळवायचे ठरवलं तर त्याची शक्यता 81 टक्क्यांवर जाते. 2004 च्या इव्हो या फाइटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धेत जपानी खेळाडू दाइगो उमेहारा यांनी जस्टिन वाँग यांच्या हल्ल्याचे सलग पंधरा फटके परतवले. अशा खास चालीत ब्लॉक केला तरी थोडं आयुष्य जातंच, आणि उमेहारा यांचं इतकं थोडं उरलं होतं की नुसता ब्लॉक केला असता तरी ते हरले असते. तो क्षण या खेळाच्या इतिहासात अजरामर झाला. ती स्पर्धा मात्र ते जिंकले नाहीत. अंतिम सामन्यात त्यांना केन्जी ओबाता यांनी हरवलं.

मजेचं मूळही याच अनिश्चिततेत आहे. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्त्स यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की उसळतात; ठरलेलंच मिळालं तर फारशा हलत नाहीत. दहापैकी दहा जिंकणाऱ्याला आणि दहाही हरणाऱ्याला लवकर कंटाळा येतो, यात नवल नाही. ज्याच्याविरुद्ध दहापैकी चार ते सहा गेम मिळतात, असा जोडीदार सोन्यासारखा जपावा. नवख्याशी खेळताना गुपचूप ढिलं खेळू नये. त्याला ते कळतं आणि जिंकल्याचा आनंदच जातो. त्यापेक्षा सेटिंगमध्ये स्वतःचं आयुष्य निम्मं करावं, त्याला तसं सांगावं आणि मग पूर्ण ताकदीने खेळावं.